दुसऱ्या खोलीतलं इंग्रजी

कंपनीचं पत्र आलं तेव्हा तळ्याकाठचं लव्हाळं कमरेएवढं होतं. आता ते डोक्यावर गेलं, तरी दादाचं उत्तर गेलं नव्हतं.

उत्तर द्यायचं नाही असं त्याच्या मनात नव्हतं. उलट दुसरं काही मनातच नव्हतं. रोज सकाळी तो खिडकीशी बसायचा, मांडीवर फळी घ्यायचा, कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालायचा, 'डिअर सर' लिहायचा आणि तिथंच अडायचा. 'वुई शॅल बी हायली ओब्लाइज्ड' लिहावं तर फार लोटांगण घातल्यासारखं होईल का? नुसतं 'ओब्लाइज्ड' ठेवावं तर साहेबाला तुटक वाटेल का? 'काइंडली' घेतल्यावर पुन्हा 'प्लीज' घ्यावं की नाही? दोन्ही घेतले तर पानात दोनदा वाढून घेतल्यासारखं दिसेल. दुपार होईतो कागद फाटायचा. भावजय ते कपटे गोळा करून चुलीत सारायची.

"तुमच्या इंग्रजीला जाळ बरा आहे, भाऊजी," ती म्हणायची. "पटकन पेटतं."

पहिल्या पहिल्यांदा ती हे हसून म्हणायची. हल्ली हसत नव्हती.

दादाचा सगळा जन्म शहरात, एका जहाजकंपनीच्या हपिसात टाइप करण्यात गेला होता. लग्न राहून गेलं. नोकरी संपली तसा तो पुस्तकांच्या दोन पेट्या घेऊन धाकट्या भावाच्या घरी राहायला आला. घर चटया विणणाऱ्यांचं. तळ्यातलं लव्हाळं कापायचं, वाळवायचं, पात चिरायची, मागावर चटई उतरवायची, यातच वडील गेले, आजा गेला. दादाची बोटं चपळ होती, पण ती लव्हाळ्याच्या कामाची नव्हती. मागाशी बसला की त्याची कड वाकडी जायची. मग भावजयच म्हणाली, तुम्ही आपले वाचत बसा.

पुढं तळ्याचं पाणी शहराकडे न्यायला कंपनी आली. तिनं पंपघर बांधलं, काठाला तारेचं कुंपण घातलं आणि कापणीला जायच्या पायवाटेवर लोखंडी फाटक बसवलं. त्या वर्षी लोक विळे घेऊन फाटकाशी जमले होते. आवाज चढले होते. तेव्हा धाकटाच मध्ये पडला. "भांडण कशाला? आमचा दादा इंग्रजीत लिहील. तीस वर्षं साहेबांना लिहितच होता तो."

दादानं लिहिलं. कितीतरी दिवस खपून लिहिलं. 'वुई मोस्ट हम्बली बेग टू बी परमिटेड', आम्हाला परवानगी मिळावी अशी अत्यंत नम्रपणे याचना करतो, इथून सुरुवात होती, आणि शेवटाला तर त्यानं असं वाक्य बसवलं होतं की तीन ओळी जाऊनही त्याला श्वास घ्यावा लागत नव्हता. आठवड्यात उत्तर आलं. फाटक उघडलं. लोकांनी दादाच्या पाठीवर थापा मारल्या. पत्र मोठ्यानं वाचून दाखवताना तो एक शब्द पुन्हा पुन्हा आला होता, म्हणून त्याचं नावच पडलं काइंडलीकाका. लाजाळू माणूस तो, पण त्या नावानं हाक आली की कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या त्याच्या. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाच्या उपयोगी पडला होता.

मग दर हंगामाला पत्र जायला लागलं. परवानगी मागायची, परवानगी यायची. यंदाही त्यानं मागितली. यंदा उत्तर दुसरंच आलं.

"काय म्हणतात?" धाकट्यानं विचारलं होतं.

"त्यांना खेद आहे."

"खेद म्हणजे?"

"म्हणजे... वाईट वाटतंय त्यांना."

"वाईट वाटतंय तर कुलूप काढा म्हणावं!"

"तसं नव्हे. गेल्या वर्षांत आपल्या विनंतीवरून सद्भावनेनं परवानगी दिली होती, यंदा ती देता येत नाही. सोबत एक प्रत जोडली आहे. हे आम्हाला समजलं असं लिहून सही करून पाठवावी, अशी नम्र विनंती आहे."

"विनंती ते करतायत?" भावजय म्हणाली. "मग आपणही सांगा की, आम्हालाही खेद आहे."

दादा हसला होता. थांबा, म्हणाला होता, मी असं लिहितो की त्यांना नाही म्हणायला तोंड उरणार नाही. त्या शब्दावर घर थांबलं. घरच्या भरवशावर सगळी आळी थांबली.

आणि लव्हाळं वाढत राहिलं.

*

त्या सकाळी ऊन निघालं ते पांढरं, कोरडं. हवेतली ओल एका रात्रीत गेली होती. धाकटा कुंपणाच्या तारेतून हात घालून दोन पाती उपटून घेऊन आला. अंगणात उकिडवा बसला, पात नखानं चिरली, बोटाभोवती गुंडाळली. गुंडाळली गेली. दुसरी गुंडाळली, ती अर्ध्यात कट्कन मोडली.

त्यानं मोडकी पात दादाच्या फळीवर, कोऱ्या कागदावर आणून ठेवली.

"तुरे फुटायला लागलेत. कळतं का तुला? तुरा फुटला की पात मेली. असं ऊन आणखी चार दिवस पडू दे, मग तळंच्या तळं कापून आणलं तरी चुलीशिवाय कशाला लागायचं नाही."

"आज होईल माझं पत्र. एक वाक्य फक्त—"

"तुझ्या वाक्याच्या..." धाकट्यानं पुढचा शब्द गिळला. तो कधी दादाला उलटून बोलला नव्हता. गळ्याची शीर मात्र फुगली होती. "कोठ्यात मागच्या सालची एक जुडी नाही. माग बंद पडला तर वर्षभर आपण करायचं काय? तुझी पुस्तकं विणायची?"

"मोठ्या भावाशी काय बोलताय?" भावजय आतून म्हणाली. मग बाहेर आली. तिनं पदर खोचला होता, आणि तिच्या हातात तीन विळे होते. "चला. फाटक उघडत नसेल तर तारेखालून जाऊ."

"अगं, असं परवानगीशिवाय—" दादा उठला.

"तुम्हीही चला, भाऊजी. कुणी अडवलं तर बोलायला माणूस लागेल. तुम्हाला बोलता येतं."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं की खरंच, ते दादाला कळलं नाही. तो निघाला.

तारेखालून सरपटताना त्याचा सदरा खांद्याशी फाटला. पाण्यात उतरला तर चिखलानं पाय पोटरीपर्यंत ओढून घेतला. लव्हाळ्याच्या आत वारा नसतो. नुसती वाफ असते, आणि पातीची धार. धाकटा आणि भावजय वाकले की पुन्हा वर येत नव्हते. डाव्या हातानं मूठभर पाती धरायची, पाण्याखाली विळा घालून मुळापासून ओढायची, मूठ मागं टाकायची. खस्, खस्. मागं पडलेलं गोळा करून जुडी बांधायचं काम दादाकडे आलं. त्याच्या गाठी सुटत होत्या. भावजय मागं न बघताच म्हणाली, "बुटाच्या नाडीसारखी नको, भाऊजी. पिळा द्या पिळा." त्यानं पिळा दिला. तळहात चरचरले. पोटरीला एक जळू चिकटली होती, ती त्याला ओढून काढवेना. धाकट्यानं येऊन नखानं काढली आणि परत गेला.

ऊन डोक्यावर येईतो काठावर जुड्यांचा बरा ढीग झाला. दादाला वाटलं, हे तर सोपं होतं. पत्र न लिहिताच झालं.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

फाटकावरचा राखणदार त्यांच्याच आळीतला. लहानपणी याच पाण्यात डुंबलेला. त्याच्यामागं कंपनीचा एक माणूस होता, काळा चष्मा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट.

"बाहेर या," राखणदार म्हणाला. त्याची नजर कुणाच्या तोंडावर नव्हती, जुड्यांवर होती. "वहिनी, बाहेर या. वरून हुकूम आहे."

"वरून म्हणजे कुठून?" भावजय म्हणाली. "वर तर ऊनच आहे नुसतं."

"विळे द्या इकडे."

"तुझ्या आईनं याच विळ्यानं कापलंय इथं. तिला विचारून ये जा, द्यायचे का."

राखणदाराचा चेहरा पडला. चष्मेवाल्यानं ते पाहिलं, आणि तो स्वतः पाण्यात उतरला. दादा पुढं झाला. मनात वाक्य जुळवत झाला. आधी आदरार्थी, मग विषय, मग विनंती.

"हे बघा साहेब, आपण कृपा करून जर का एक क्षण—"

चष्मेवाल्यानं त्याला बाजूला सारलं. ढकललं नाही, दारातली खुर्ची सारावी तसं नुसतं सारलं. दादा मागच्या मागं पाण्यात बसला. चष्मेवाल्यानं भावजयीच्या हातातल्या विळ्याचं टोक धरून ओढलं, तिनं मूठ सोडली नाही, विळा फिरला आणि तिच्या तळहातातून गेला.

पाणी लाल व्हायला वेळ लागला. आधी तिनंच हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्याचा हात आहे. मग धाकटा विळा घेऊन धावला. राखणदारानं त्याच्या कमरेला मिठी घातली. "नको रे, नको, आत टाकतील तुला, नको!" दोघं चिखलात लोळले. त्या गडबडीत चष्मेवाल्यानं काठावरच्या जुड्या बुटानं पाण्यात लोटल्या. एकेक करून. दादानं बांधलेल्या तेवढ्या सुटून पसरल्या.

विळे गेले. तिघं फाटकातून बाहेर आले. जाताना फाटक उघडून दिलं त्यांना.

*

भावजयीच्या हाताला टाके पडले. घरी आल्यावर धाकटा मागाकडे पाठ करून बसला. दादानं ओला सदरा बदलला, चष्मा पुसला, कंपनीचं पत्र खिशात घातलं.

"मी हपिसात जातो," तो म्हणाला. "तोंडी बोलतो."

"तू?" धाकटा भिंतीकडे बघतच म्हणाला. "तू दुकानात मीठ मागताना दोनदा माघारी येतोस."

"मी येते बरोबर," भावजय म्हणाली.

"तुझा हात—"

"चालायला पाय लागतात."

कंपनीचं हपिस पंपघराच्या वर होतं. काचेचं दार, आत थंडगार. बाकावर बसवलं ते बराच वेळ. भावजयीच्या पायाचा वाळलेला चिखल फरशीवर पडत होता आणि ती तो दुसऱ्या पायानं बाकाखाली सारत होती. मघाशी विळा न सोडणारी बाई ती.

साहेब तरुण होता, आणि चांगला होता. तेच वाईट झालं. उठून उभा राहिला, "आजोबा, बसा ना," म्हणाला, भावजयीच्या पट्टीकडे बघून "अरेरे" म्हणाला, पाणी मागवलं. दादाच्या रागाला टेकायला जागाच मिळेना.

"तर तुम्हीच का ते!" साहेब म्हणाला. "किती दिवस भेटायचं होतं तुम्हाला."

त्यानं कपाटातून एक फाइल काढली. दादाची पत्रं एकेक प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली होती. इतकी नीटनेटकी त्यानं आपली पत्रं स्वतःजवळही ठेवली नव्हती.

"असं इंग्रजी आता कुणी लिहीत नाही हो. आम्ही नव्या मुलांना दाखवतो, विनंती कशी करावी ते." मग त्यानं पलीकडच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारली. "ते पहिलं वाक्य काय गं?"

मुलगी उभी राहिली आणि शाळेतल्यासारखं म्हणाली, "वुई मोस्ट हम्बली बेग टू बी परमिटेड..." 'बेग'वर तिनं मान तुकवली आणि हात जोडले. टेबलाटेबलांवरून हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते. कौतुकाचंच होतं. भावजयीनं दादाकडे पाहिलं. तिला शब्द कळले नव्हते, मान तुकवणं कळलं होतं.

"साहेब," दादा म्हणाला. "लव्हाळं... आजाच्या आधीपासून... ती वाट आमचीच आहे."

"असं?" साहेब खरंच चकित झाला. त्यानं पत्रं चाळली. "पण आजोबा, असं तुम्ही कुठंच लिहिलं नाही. हे बघा, पहिल्या पत्रात परवानगी द्या. दुसऱ्यात मागच्या परवानगीबद्दल उपकृत आहोत, पुन्हा द्या. यंदाही तेच. स्वतःच्या वाटेवर चालायची कुणी परवानगी मागतं का? आमच्या वकिलांनी तर तुमच्या पत्रांवरच सगळं बसवलंय. वाट तुमची नाही, हे तुम्हीच कबूल केलंत की."

समोरच्या पाकिटात त्याचं ते तीन ओळींचं वाक्य होतं. वळणदार. कुठंही खाडाखोड नाही.

"एवढी सही करून टाका," साहेबानं प्रत पुढं सरकवली, पेनचं टोपण काढून पेन त्याच्या दिशेनं धरलं. "नुसती फॉर्मॅलिटी. प्लीज."

कुणी अदबीनं पुढं केलेली वस्तू दादानं जन्मात नाकारली नव्हती. पेन त्याच्या बोटांत आलं. हात कागदावर टेकलासुद्धा.

"सही कशाची?" भावजयीनं विचारलं.

साहेब हसून म्हणाला, "समजलं, एवढंच."

"काय समजलं?"

दादानं पेनाला टोपण घातलं, ते नीट बसलं का पाहिलं, आणि पेन टेबलावर ठेवलं. "लिहून कळवतो," तो म्हणाला.

"जरूर, जरूर. तुमचं पत्र वाचायची आम्ही वाटच बघत असतो."

जिना उतरताना भावजय म्हणाली, "ती पोरगी तुमची नक्कल करत होती ना?"

"हो."

"आणि तुम्ही बसून ऐकलीत."

"हो."

पुढं रस्ताभर ती दुखरा हात छातीशी धरून चालत राहिली. दादा मागं मागं. घर दिसू लागलं तेव्हा त्याला कळलं की आपले दात इतके आवळलेत की कानशिलं ठणकतायत.

*

तो खिडकीशी बसला. फळी घेतली. तारीख घातली. 'डिअर सर' लिहिलं आणि हात सवयीनं पुढं धावला: 'वुई विथ ड्यू रिस्पेक्ट बेग टू'. त्यानं हात आवरला. तो शब्द आता त्याला त्या पोरीच्या मानेसकट दिसत होता.

आपल्याला दुसरं येतंच काय? एवढी पुस्तकं वाचली, पण लिहायला बसलं की बोटातून वाकलेलंच निघतं. असं का?

मग त्याला जहाजकंपनीच्या हपिसातली आतली खोली आठवली. बाहेरच्या दालनात दादा आणि त्याच्यासारखे टायपिस्ट बसायचे. त्यांच्याकडे वर जाणारी पत्रं यायची, बँकेला, सरकारला, जहाजांच्या मालकांना. आतल्या खोलीत एकटी एक बाई बसायची, जाड भिंगाची. खाली जाणारी पत्रं तिची, हमालांच्या मुकादमांना, गोदामाच्या भाडेकऱ्यांना, लहान लहान पुरवठादारांना. एकदा दादाच्या मशीनची फीत तुटली, ती मागायला तो आत गेला होता. बाईच्या मशीनच्या रुळावर कागद होता. चारच ओळी. अमुक दिवसापर्यंत माल हलवा. हलवला नाही तर आम्ही हलवू.

"बाई, यात विनंतीचा भाग कुठं आहे?" त्यानं बावळटासारखं विचारलं होतं.

बाई पोट धरून हसली होती. "अरे, विनंती तुमच्या खोलीत. इथं कशाला लागते?"

इतकी वर्षं नोकरी केली, पण त्या खोलीत तो पुन्हा गेला नाही. दालनातलं इंग्रजी हेच सगळं इंग्रजी, असं धरून चालला. आणि तेच घरी घेऊन आला, तेच धाकट्याच्या, भावजयीच्या, सगळ्या आळीच्या तोंडी घातलं. ज्यांनी जन्मात कुणापुढं हात पसरला नाही त्यांच्या नावानं, न विचारता, त्यानं 'बेग' लिहिलं. वर शाबासकी घेतली.

त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण तेही लोटांगणच झालं असतं, दुसऱ्या तऱ्हेचं. त्यानं नवा कागद घेतला.

आतल्या खोलीतलं इंग्रजीही त्याला नको होतं. ते साहेबाचं होतं. ते लिहिलं तर साहेबाचा कोट घातल्यासारखं होईल, बाह्या लोंबतील. त्यानं मग एक केलं. सकाळी धाकटा अंगणात जसा बोलला, भावजय पाण्यात जशी बोलली, तसंच वाक्य धरलं आणि तसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं. लहान लहान वाक्यं. एकेक लिहून झालं की त्याला भीती वाटे, हे उर्मट आहे, हे अडाणी आहे, यात काहीतरी राहिलंय. पेन शेपटी जोडायला वळवळे. तो पेन वर धरून बसे, वळवळ थांबेपर्यंत. मग पूर्णविराम देई. पूर्णविराम इतका दाबून दिला जायचा की कागदाला मागून फोड यायचा.

ऊन उतरायच्या आत झालं. त्यानं दोघांना बोलावलं आणि आपल्या बोलीत वाचून दाखवलं.

"महाशय. तळ्याची वाट आमची आहे. तुमच्या कुंपणाच्या आधीपासून आहे. मागच्या पत्रांत मी तुमच्याकडे परवानगी मागितली. ती द्यायला वाट तुमची नव्हती. मागितली ही माझी चूक. ते मागणं मी परत घेतो. तुमच्या माणसानं आमच्या घरच्या बाईचा हात कापला. त्याबद्दल मी पोलिसांकडे वेगळं लिहितो आहे. आमचे विळे परत करा. येत्या सोमवारी आम्ही सगळे कापायला येतो. त्याआधी कुलूप काढा. सोबतच्या प्रतीवर आम्ही सही करणार नाही."

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती.

"पुढं?" धाकट्यानं विचारलं.

"पुढं काही नाही. संपलं."

"असं?" धाकटा उठून उभा राहिला. सकाळपासून लाल असलेलं त्याचं तोंड एकदम पांढरं पडलं होतं. "असं लिहितात का कुणी? दादा, ती कंपनी आहे! पोलीस कुणाचे, त्यांचेच. उद्या आळीतल्या सगळ्यांना आत घालतील. एक... एक तरी काइंडली घाल त्यात."

"कुठं घालू?"

"कुठंही! कुलपाच्या आधी घाल. कुलूप काढा म्हणायचंच असेल तर जरा नीट म्हण."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. हाच सकाळी गळ्याच्या शिरा फुगवून बोलत होता. हाच विळा घेऊन धावला होता. कागद पाहिल्यावर मात्र याचंही तेच झालं. माझंही असंच झालं असणार जन्मभर, दादाला वाटलं, आणि मला कुणी आरसा दाखवला नाही.

"घालू नका, भाऊजी," भावजय म्हणाली. ती उंबऱ्यावर बसली होती, पट्टीचा हात गुडघ्यावर. "आणि तुम्ही हो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला एवढं गोड लागत असेल तर जाऊन त्या चष्मेवाल्याला साखर भरवा."

"तू गप्प बस. आत गेलो तर माग कोण चालवेल? या हातानं तू?"

"लव्हाळं आलं तर ना माग!"

धाकट्यानं कागद हातात घेतला, उलटापालटा केला. त्याला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिला. "एवढंसंच दिसतंय," तो पुटपुटला. "मागची केवढी असायची." मग कागद फळीवर ठेवला. "सोमवारी मी येईन कापायला. सगळ्यांच्या पुढं येईन. पण याच्यावर सही मागू नकोस मला."

"नको करूस," दादा म्हणाला. "मी केलीय."

"मला द्या पेन," भावजय म्हणाली.

उजव्या हाताला पट्टी. तिनं डाव्या हातानं नाव काढलं. अक्षरं मोठी, उतरती आली, शेवटचं अक्षर कागदाच्या कडेबाहेर जायला टेकलं. शाई वाळेपर्यंत ती त्यावर फुंकर मारत राहिली.

*

पाकीट घेऊन दादा बाजाराच्या रस्त्याला लागला तेव्हा वाटेत लोक भेटत गेले. सकाळचं सगळ्यांना कळलं होतं. न्हाव्यानं दुकानातूनच विचारलं, "काइंडलीकाका, पाठवलंत का गोड गोड?" दादानं मान हलवली नाही, थांबलाही नाही. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर तसाच राहिला.

चालता चालता पाय जड व्हायला लागले. सोमवारी फाटक बंदच असलं तर? चष्मेवाल्यासारखे आणखी आले तर? आपण चार पुस्तकं वाचलेला म्हातारा, चार वाक्यं लिहिली, आणि त्यांच्या मागं सगळी आळी पाण्यात उतरणार. निदान शेवटी 'युअर्स फेथफुली' तरी ठेवायला हवं होतं. ते काही मागणं नव्हे, ती रीत आहे. पाकीट अजून उघडता येईल. डिंक ओला आहे.

टपालपेटी पोस्टाच्या भिंतीला होती. तिच्यासमोर तो उभा राहिला. पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि त्याचा हात तिथंच थांबला. सुटेना. भीतीनं की रागानं, ते त्याचं त्यालाच कळेना. दोन्ही एकाच हातात आली होती.

मागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. दादानं वळून पाहिलं. कंपनीच्या बिल्ल्याचा एक पोरगा, कवेत पाकिटांचा गठ्ठा, सगळी एकसारखी, छापील पत्त्याची. पोरगा गोड हसला.

"काका, प्लीज, जरा बाजूला होता का? माझी बरीच आहेत."

दादाचं अंग सवयीनं वळायला लागलं होतं. खांदा हललाही होता. जन्मभर हा खांदा असाच हलत आला, दारात, जिन्यात, रांगेत, आणि दरवेळी मागून कुणीतरी पुढं गेलं.

"नाही होत," तो म्हणाला. आवाज एवढा मोठा निघाला की पोस्टातली बाई खिडकीतून डोकावली. "थांब. आधी माझं जाईल."

पोरगा एक पाऊल मागं सरला. दादानं पेटीकडे तोंड केलं आणि पाकीट आत ढकललं.